आधी कानात बघा, मग बाटली उघडा!

आईबाबांनो, आजी-आजोबांनो,

रात्री दोनला बाळ किंचाळत उठतं, कान ओढतं, दूध तोंडात धरत नाही. सकाळी बाबा मेडिकलमध्ये. "बाळाचा कान दुखतोय." काउंटरवर अँटिबायोटिक पावडरची बाटली येते, दुकानदार खुणेपर्यंत पाणी घालून हलवूनही देतो. या सगळ्यात बाळाच्या कानात कुणी डोकावलेलंच नसतं!

आमचं भांडण अँटिबायोटिकशी नाही, या आंधळ्या कारभाराशी आहे.

सर्दीत नाक आणि मधला कान जोडणारी नळी सुजते. बाळाची नळी आखूड, आडवी. म्हणून पडद्यामागे पाणी साचतं, कान ठणकतो. सुरुवात बहुतेकदा विषाणूने होते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पुढे जंतू शिरले तरी बरेचसे कान दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. उगाच दिलेल्या औषधाने मिळतात जुलाब, पुरळ आणि औषधाला दाद न देणारे जंतू. उद्या याच बाळाला न्यूमोनिया झाला तर?

पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दोन वर्षांच्या आतल्याच्या दोन्ही कानांत संसर्ग असेल, ताप 102 च्या वर असेल, कान वाहत असेल, दुखणं 48 तासांत हटत नसेल, तर वाट बघू नका. डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेला अँटिबायोटिकचा डोस, सांगितलेले सगळे दिवस द्या. बाकीच्या मुलांना वेदनेचं औषध देऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली, दोन-तीन दिवस थांबता येतं.

केमिस्टबंधूंनो, चिठ्ठीशिवाय बाटली देऊ नका. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम यांसारखी औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. 1 मार्च 2014 पासून डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह त्यांची नोंद ठेवणं, ती वही तीन वर्षं जपणं हा कायदा आहे.

डॉक्टरमित्रांनो, गर्दी मलाही चुकलेली नाही. तरीही पडदा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

पालकांनो, फ्रिजमधली थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला नको. कानात तेल नको. आडवं झोपवून बाटलीने दूध नको. न्यूमोकोकलची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना चुकवू नका.

आणि चिठ्ठी हातात घेण्याआधी विचारा: "डॉक्टर, पडदा पाहिलात? लाल आहे? फुगलाय?" संकोचू नका. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच विचारायचं आहे.

— एक बालरोगतज्ज्ञ