बुरशीला फ्युमिगेशनचा उतारा?

श्रावणात बुरशीच्या तक्रारी येतातच, पण यंदाच्या पत्रांतला वैताग वेगळा आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथल्या पॅलेटवाल्या वाचकांनी माल एचटी (उष्णतेची प्रक्रिया) करून, शिक्का मारून दिला. आठवड्यात फळ्यांवर काळी-हिरवी बुरशी धरली आणि खरेदी खात्याने गाडी परत फिरवताना शेरा मारला, ‘पुन्हा फ्युमिगेशन करून प्रमाणपत्र जोडावे.’ शेरा मारणाऱ्याने आयएसपीएम-१५ उघडून पाहिलेले दिसत नाही. ते मानक लाकडी पॅकिंगमधल्या किडीसाठी आहे. गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहिले की त्याची अट पुरी झाली; लाकडात ओलावा किती असावा, याचा आकडाच त्या अटीत नाही. फ्युमिगेशनच्या मिथाइल ब्रोमाइडचेही तेच. ताडपत्री काढली की वायू उडून जातो, ओल मात्र जागच्या जागी. मग दुसऱ्या प्रमाणपत्राचे पैसे कशाचे? चार दिवसांनी त्याच फळ्यांवर बुरशी पुन्हा धरते आणि साहेब तिसरे प्रमाणपत्र मागायला मोकळे.

पण आपल्या मंडळींचे तरी काय? ओले पाइन किंवा जंगलवूड चेंबरमध्ये घालायचे, इंधन वाचावे म्हणून झडपा बंद ठेवायच्या आणि गरम थप्पी तशीच स्ट्रेच फिल्ममध्ये गुंडाळायची. फिल्मच्या आतून थेंब ओघळताना दिसतात; खालच्या थरात, फळीला फळी टेकते तिथे, पांढुरकी लव आधी उगवते. मराठवाड्याची हवा कोरडी, हे कोकणचे दुखणे, असे काही जण म्हणतात. कोरडी असते ती उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये नाही. शिवाय माल कंटेनरमधून समुद्रावर जातो. तिथे लाकडातलीच वाफ रात्री छताला लागून खाली ठिबकते. दोन दिवसांत माल हवा, वाळवायला वेळ कुठला, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय वाळवलेल्या मालाचा वेगळा दर सांगणे हाच. ओल्या मालाच्या भावात कोरडा माल देण्याची फुशारकी कोणी मारू नये. निदान कापलेला माल जमिनीपासून फूटभर उंच, दोन थरांत इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून, बाजू उघड्या ठेवून रचा. त्याला इंधन लागत नाही.

धरलेली बुरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसण्याची टूम तर महागात पडेल. मागे राहिलेल्या क्लोराइडने मशिनिंग केलेल्या सुट्या भागांवर गंज चढला, तर नुकसानभरपाई पॅलेटच्या किमतीत मावणार नाही. आधी वाळवा, मग मास्क लावून व्हॅक्यूमने बुरशी ओढा, उरलेली रंध्याने काढा. कोरड्या झाडूने ती शेजारच्या थप्पीवर जाते. निळा डाग यातल्या कशानेच जाणार नाही, तो रसकाष्ठात खोल असतो. त्याने वजन पेलण्याच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच लेखी कळवा.

ऑर्डरमधला ‘फंगस-फ्री’ हा शब्द मोजता येत नाही, ओलावा मोजता येतो. २० टक्क्यांच्या खाली बुरशीला सहसा थारा नाही. तेव्हा सभासदहो, पुढची ऑर्डर घेताना तो शब्द खोडायला लावा आणि त्याजागी लिहून घ्या : गाडी भरताना ओलावा २० टक्क्यांखाली, दोन्ही पक्षांसमोर, खालच्या थरातल्या फळ्यांवर, पिनच्या मीटरने, त्या जातीच्या लाकडाची दुरुस्ती धरून मोजलेला. मीटर नसेल तर तो या महिन्यात घ्या. आणि या मोजणीच्या नोंदींवर सही करायला खरेदी खाते नकार देत असेल, तर तो नकार लेखी मागून आमच्याकडे पाठवा. नावे गाळून छापू.