मांडीवर बसवल्यानंतर पुढे काय?

सयाजीराव महाराजांचा काळा घोडा आपण बडोदेकर येता-जाता पाहतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. सांगताना आपण थांबतो ते मात्र मांडीवर बसण्यापाशीच. खरी गोष्ट तिथून पुढे आहे. त्या मुलाला तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्यासाठी इलियट साहेबांना शिक्षक नेमले, दिवाण टी. माधवरावांनी त्याला राज्यकारभाराचे पाठ दिले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी कारभार त्याच्या हाती आला. म्हणजे विधी एका दिवसाचा आणि सोबत साडेसहा वर्षांची. त्याचे सख्खे भाऊ आनंदराव आणि संपतराव हेही बडोद्यात राहिले. संपतरावांचा ग्रंथसंग्रह तर आपल्या सेंट्रल लायब्ररीला मिळाला. दत्तक गेला म्हणून जन्मघर पुसून टाकले, असे झाले नाही.

मी बँकेत कारकून आहे, राजघराण्याशी बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण आमच्याही घरी दत्तक मुलगी आहे, म्हणून हे लिहितो. (तिला वाचून दाखवले आहे. दोन वाक्ये तिने खोडायला लावली, ती खोडली.)

ती आठ महिन्यांची असताना आमच्याकडे आली. चार वर्षांची असताना आम्ही तिला सगळे सांगितले. घरात कधी अडचण आली नाही. अडचण आली ती आपल्या मंडळाच्या कोजागिरीला. ती चौदा वर्षांची होती. दूध वाटत होती. एका वयस्कर काकूंनी कौतुकाने तिला जवळ बोलावले आणि विचारले, "मूळची कुठली गं तू?" काकूंच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. घरी येताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "बाबा, आपण किती वर्षांपासून बडोद्याचे?" मी म्हटले, पाच पिढ्या. ती म्हणाली, "मग मी किती?" दांडिया बाजारपासून घरापर्यंत मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर ती मंडळाच्या कार्यक्रमाला आलेली नाही.

कायद्याला दोष देता येणार नाही. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक मुलाला औरस मुलासारखेच स्थान दिले आणि एकदा झालेले वैध दत्तक रद्द करता येत नाही. संस्थेतून मूल घेताना पूर्वी कोर्टाच्या तारखा पडत. सप्टेंबर २०२२पासून तो आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षे, विचारपूस होते. नियम चांगलाच आहे. पण तान्ह्या मुलाची दोन वर्षे विचारपूस करून काय कळणार? दूध पिते, वजन वाढते, एवढेच. प्रश्न सुरू होतात ते बारा-चौदाव्या वर्षी. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला स्वतःच्या जन्माची माहिती अधिकृतपणे मागता येते, त्याआधी आई-वडिलांसोबत मागता येते. तो अर्ज करायचा की नाही, उत्तर काय येईल, काहीच आले नाही तर काय, याबद्दल बोलायला आम्हा पालकांना माणूस हवा असतो. आपण मात्र बारशाला आलो, पेढे खाल्ले आणि निघालो.

दुसरी मुले याहून अवघड जागी आहेत. आई-वडील गेले म्हणून मामा-काकांकडे वाढणारी. विधी नाही, दत्तकपत्र नाही, नुसती माया. गुजरात सरकारच्या पालक माता-पिता योजनेत अशा मुलांसाठी महिना ३,००० रुपये मिळतात, पण अठराव्या वर्षापर्यंतच. आमच्या खिडकीशी अशी एक मामी भाच्याला घेऊन यायची, पासबुक भरून घ्यायला. मुलगा अठराचा झाला तेव्हा नियमाप्रमाणे खाते त्याच्या एकट्याच्या सहीचे करावे लागले. नवा फोटो, नवी सही. मामी बाजूला उभी होती. सही झाल्यावर तिने विचारले, "साहेब, आता मी याची कोण?" बँकेच्या भाषेत उत्तर सोपे होते: कोणी नाही. ते मी दिले नाही. फॉर्ममधला नॉमिनीचा रकाना मुलापुढे सरकवला आणि त्याने तिथे मामीचे नाव लिहिले. पण कॉलेजची फी कुठून आणायची, हे त्या दोघांनाही माहीत नव्हते.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात एकवीसपर्यंत, विशेष कारण असल्यास तेविसापर्यंत, मदतीची सोय आहे. नातेवाइकांकडे वाढलेल्यांना अठरानंतर विचारणारे कोण? सरकारकडे ही मागणी आपण जरूर करू. निवडणुकीत मते मागायला आपल्या वाड्यांत येणाऱ्या उमेदवारांपुढे भाषेचे आणि शाळेचे प्रश्न मांडतो, तसा हाही मांडू.

पण आधी आपली खिडकी पाहू. मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात "वडिलांचा सभासद क्रमांक" लिहावा लागतो. मामाचा क्रमांक चालत नाही. मी विचारले तेव्हा "नियम आहे" एवढेच उत्तर मिळाले. वधू-वर मेळाव्याच्या अर्जात कुळ, देवक, मूळ गाव आहे, आणि दत्तक मुलाने तिथे दत्तक घराचे लिहिले की मागाहून कुजबुज होते. धर्मशास्त्राने दत्तकाला गोत्र दिले, मग आपली समिती कोण लागून गेली?

येत्या वार्षिक सभेसाठी मी ठराव पाठवला आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात "वडील" ऐवजी "सांभाळणारे पालक" असावे, अशा मुलांसाठी वयाची अट तेविसापर्यंत न्यावी, आणि कागदपत्रांसाठी कचेऱ्यांत सोबत जाणारे दोन सभासद नेमावेत. त्यातला एक मी होईन, शनिवारी सुट्टी असते तेव्हा. ठरावाला अजून अनुमोदक मिळालेला नाही. सही करायची असेल तर मंडळाच्या कार्यालयात प्रत ठेवली आहे.