घरावर दगड पडू लागले तर



दिवेलागण झाली की पत्र्यावर दगड पडू लागतात. वलणीवरचे लुगडे फाटते, बंद पेटीतले कपडे जळतात, शिजल्या भातात शेण निघते, कुणाच्या अंगावर फुल्या उठतात. मग गावात एकच शब्द फिरतो : भानामती! ज्या घरावर ही पाळी येते तिथे कुणाला घास गोड लागत नाही आणि लेकरे आईचा पदर सोडत नाहीत. त्यांच्या भीतीला हसू नये. दगड खरा असतो, जळालेला कपडाही खरा असतो. प्रश्न एवढाच, की हे करतो कोण?

याचा छडा लावण्याचे काम आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते करीत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, पण काम थांबले नाही.

या मंडळींची रीत साधी आहे. देवऋषी, मांत्रिक आता बोलावू नका, असे ते आधी सांगतात. मग घर, परसू, माळवद नीट पाहतात. कोणता प्रकार किती वाजता घडला, तेव्हा कोण कुठे होते, कोण घरी नसले म्हणजे काहीच घडत नाही, हे टिपून घेतात. मग घरातल्या प्रत्येकाला, पोरासोरांनासुद्धा, बाजूला बसवून शांतपणे बोलते करतात. अंगावरच्या फुल्या बिब्ब्यानेही उठतात. बिब्बा उतला म्हणजे कातडीचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. आगीला साधी काडीही पुरते.

अशा तपासात बहुतेक वेळा हात घरातल्याच माणसाचा निघतो. तो कुणाचा असतो? ज्याचे घरात कुणी ऐकत नाही त्याचा. माहेरी जाऊ न दिलेली सून असेल, शाळा सोडायला लावलेली मुलगी असेल, उठता-बसता मार खाणारा पोरगा असेल. तोंडाने बोलायची सोय नसली की दुःख असे दगडावाटे बाहेर पडते. कधी त्या माणसाला आपण काय करतो याचे पुरते भानही नसते.

म्हणूनच कार्यकर्ते ते नाव चारचौघांत फोडत नाहीत. नाव फुटले तर त्या जिवाचे हाल होतील. ते त्याला विश्वासात घेतात, पुन्हा असे न करण्याचे वचन घेतात आणि त्याच्या मनातला सल कसा निघेल ते घरच्या कर्त्या माणसांना समजावतात. गरज असेल तर मनाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. दगड थांबतात.

मांत्रिकाच्या वाटेने गेलात तर काय होते? कोंबडे जाते, बकरे जाते, बी-बियाण्याचे पैसे जातात. शिवाय तो बोट दाखवतो शेजारच्या एखाद्या निराधार बाईकडे. करणी हिचीच, म्हणतो. मग तिला मारहाण होते, गावात तोंड दाखवणे मुश्कील होते. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, अमक्याने करणी केली म्हणून त्याचे जगणे मुश्कील करणे, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा मायबहिणींनो, दादांनो, तुमच्या वस्तीवर असा प्रसंग आलाच तर वही घ्या आणि प्रत्येक प्रकाराची वेळ लिहून ठेवा. मांत्रिकाला निरोप धाडण्याआधी समितीच्या कार्यकर्त्याला बोलवा. कुणा बाईवर आळ येऊ देऊ नका. आलाच तर पोलीस ठाणे गाठा. आणि दगड पडण्याची वाट कशाला पाहता? आज रात्री जेवणे उरकली की घरातले सर्वांत गप्प माणूस कोण, ते पाहा. त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि काय दुखते ते विचारा.