जुळ्यांची थंडी आणि आईचे चोवीस तास

गर्भधारणेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जे मूल जन्मते, त्यास वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष एकट्या भारतात. जुळ्यांच्या बाबतीत तर वेळेआधी येणे हा अपवाद राहत नाही. थंडीच्या दिवसांत सर्दी आणि फ्लूपासून या दोन इवल्या जिवांना कसे जपावे, हा प्रश्न आपण घरातील बायकांचा म्हणून बाजूस सारतो. वस्तुतः तो श्रमाच्या आणि वेळेच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थकारणाचा प्रश्न आहे.

आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या काही आठवड्यांत. आधीच जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरी मिळते. त्यातच फुप्फुसे कच्ची, श्वासमार्ग अरुंद आणि अंगावर चरबी नसल्याने ऊब टिकत नाही. थोरांना दोन दिवस शिंका आणणारी सर्दी अशा बाळाच्या जिवावर बेतू शकते. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतील बाळास देता येत नाही. म्हणून ती गरोदरपणी आईने आणि घरातील इतरांनी घेणे हेच त्याचे कवच. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यातही जोर करतो, तेव्हा ही दक्षता केवळ थंडीपुरतीही नाही.

उपाय साधे आहेत. बाळास हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. खोकला-पडसे असलेल्याने दूर राहावे. आईलाच सर्दी झाली तर तिने नाकातोंडावर फडके बांधून पाजावे, दूध तोडू नये. बारशाची गर्दी लांबणीवर टाकावी. धुरी आणि शेगडी यांमागील माया खरी, परंतु तो धूर कोवळ्या फुप्फुसांस घातक. विडी आणि चूलही दूर हवी. उबेसाठी बाळास उघड्या छातीशी धरावे. लसी जन्मतारखेपासून मोजूनच, वेळेवर द्याव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून अधिक होऊ लागला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

यात महाग काय आहे? रुपयांच्या हिशेबाने जवळजवळ काहीच नाही. तासांच्या हिशेबाने मात्र फार. अशा बाळास दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्यास ओढण्याची ताकद नसल्याने दूध काढून वाटी-चमच्याने भरवायचे, तर एका वेळेस अर्धा तास सहज जातो. दहा वेळा धरले तरी दोघांचे मिळून दहा तास झाले. छातीशी धरण्याचा काळ जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाकाठी प्रत्येकी किमान आठ तास. वर दुपटी धुणे आणि पाणी तापवणे आहेच. चोवीस तासांच्या दिवसात हे एका बाईकडून होणे नाही. माहेरच्या बाळंतपणाच्या चालीत निदान एवढे शहाणपण होते, की त्या काळात बाळंतिणीचा कामाचा भार दुसरे कोणी उचलत असे.

आता हाच सल्ला ऊसतोड कामगार स्त्रीला देऊन पाहा. तोडणीचा हंगाम नेमका थंडीचा. राहायला कोपी, पाणी दूरवरचे, डोक्यावर उचलीचे ओझे आणि खाडा झाला की दंड. तिला ‘हात धुवा, बाळ उबेत ठेवा’ असे सांगणे म्हणजे शासनाने आपलेच हात धुऊन घेणे होय.

संघटित क्षेत्रातही चित्र अपुरे आहे. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, हे स्वागतार्हच; परंतु जुळ्यांसाठी जादा रजेची तरतूद तीत केली गेली नाही. अकाली प्रसूतीमुळे एका महिन्याची जादा रजा मिळते ती आई आजारी पडल्यास, बाळ नाजूक असल्याबद्दल नव्हे. फ्रान्समध्ये पहिल्या एका बाळासाठी १६ आठवडे, तर जुळ्यांसाठी ३४ आठवडे रजा आहे. दोन बाळांचे काम एकाहून अधिक असते, इतके साधे गणित तेथील कायद्याने मान्य केले आहे.

गावातील सामान्य शिक्षण घेतलेल्या स्त्रिया या कामी काय करू शकतात, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. पण सहा भेटींसाठी ठरवलेला मोबदला होता अवघा २५० रुपये. श्रम स्त्रीचा असला की तो सेवा ठरतो आणि सेवेची किंमत स्वस्त धरली जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जुळ्यांसाठी व अकाली जन्मलेल्यांसाठी जादा पगारी रजा हवी, आणि ती बापासही हवी. ऊब द्यायला त्याची छाती तितकीच उपयोगी आहे. असंघटित स्त्रीला त्या काळातील बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई आणि आशांना रास्त वेतन मिळाले पाहिजे. साखर कारखान्यांच्या तळांवर पाणी, निवारा आणि नियमित आरोग्यभेटी असल्या पाहिजेत. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत अशा घराची पाळी वाटून घ्यावी. एकाने पाणी भरावे, दुसऱ्याने स्वयंपाक पाहावा आणि ज्याला खोकला आहे त्याने दारावरूनच चौकशी करून परतावे.