'इथे राजकारण नको' म्हणजे कुणाचे नको?

आमच्या पारनेरच्या एस.टी. स्टँडवर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाडीला गर्दी असते. पूर्वी इथली माणसे मुंबईला गिरणीत, गोदीत पोट भरायला जात. आता पाठीला लॅपटॉपची सॅक अडकवलेली पोरे दिसतात. माझा पुतण्या त्यातलाच एक. सुपे, शिरूर, वाघोली करत पुणे, आणि तिथून पुढे हिंजवडी. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, पिंजारी होते. लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून त्यांनी आम्हाला शिकवले. पुतण्या इंजिनीअर झाला तेव्हा ज्यांच्या गाद्या वडिलांनी भरल्या, त्याच घरांतली माणसे पेढे मागायला आमच्या दारात आली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचून कुणाला असे वाटायला नको, की हा गृहस्थ जन्मभर गाऱ्हाणे कवटाळून बसलेला आहे.

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. २२ तारखेला अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा होती आणि राज्य सरकारने सुट्टी जाहीर केली होती. त्याआधीच्या शुक्रवारी पुतण्याच्या कंपनीत सगळा मजला सजवला गेला. (कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याला तिथे अजून नोकरी करायची आहे.) पताका, रांगोळी, पणत्या, घोषणा, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. पुतण्या त्या फोटोत आहे. लाडूही त्याने खाल्ला. "चाचा, लाडू खाने में क्या है?" असे तो मला म्हणाला, आणि त्याचे बरोबरच आहे. पारनेरात आम्ही गणपतीचा प्रसाद खातच लहानाचे मोठे झालो.

पुढच्या महिन्यात त्याच मजल्यावरच्या एका मुलीने, आणि ती मुस्लिम नव्हे, कंपनीच्या अंतर्गत ग्रुपवर विचारले, की गाझातल्या मुलांच्या औषधपाण्यासाठी कुणाला वर्गणी द्यायची आहे का? तासाभरात तिचा मजकूर काढून टाकण्यात आला. लगोलग एच.आर.चे पत्र सर्वांना आले: कामाच्या ठिकाणी राजकीय मजकूर टाकू नये, याची नोंद घ्यावी. पुतण्याने साहेबाला सहज विचारले, "मग जानेवारीत झालं ते?" साहेब चांगला माणूस आहे. याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्रभर बसला होता. तो अगदी मनापासून म्हणाला, "अरे, ते राजकारण कुठे होतं? ते तर आपलं कल्चर."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

साहेब खोटे बोलत नव्हता. अडचण तीच आहे. भाविकांच्या श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही, ती खरीच असते. पण जो विषय १९८९ च्या पालमपूरच्या ठरावापासून एका राजकीय पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, ज्यावर निवडणुका लढवल्या आणि जिंकल्या गेल्या, तो राजकारणात मोडत नाही. आणि उपाशी मुलांसाठी शंभर रुपये मागणे मात्र मोडते. ही वाटणी कोणी केली? कुठल्या नियमपुस्तकात ती लिहिलेली आहे? कुठेच नाही. ती लिहावी लागत नाही. मजल्यावरच्या शंभरातल्या नव्वदांना जे नैसर्गिक वाटते ती संस्कृती, आणि जे ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडते ते राजकारण. म्हणजे 'इथे राजकारण नको' ही पाटी प्रत्यक्षात राजकारण थांबवत नाही, फक्त एका बाजूचे थांबवते.

आमच्यातले काही जण लगेच म्हणतील, आयटीत मुसलमानाला घेतातच कुठे? त्यांनाही थोडे ऐकवले पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या मानाने एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. हा अभ्यास आपण सगळे सांगतो. पण २००९ साली प्रसिद्ध झालेला अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातला अभ्यास आपण सांगत नाही. तो खास सॉफ्टवेअर आणि कॉलसेंटरच्या नोकऱ्यांचा होता, आणि त्यात मुस्लिम उमेदवारांविरुद्ध भेदभावाचा ठोस पुरावा मिळाला नाही. माझ्या पुतण्याचा अनुभवही तोच. त्याच्या मुलाखतीत त्याचे नाव आडवे आले नाही, प्रोग्राम लिहिता येतो का एवढेच पाहिले गेले. दारावर हा धंदा इतर धंद्यांपेक्षा न्यायी असेल, हे मी मान्य करतो. अडचण आत, डबा खायच्या टेबलावर आहे.

२०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला अतिरेक्यांनी पर्यटकांना धर्म विचारून मारले. मेलेल्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते, पुण्याचेही होते. पुतण्या रात्रभर झोपला नव्हता. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी टेबलावर एकाने विचारले, "तुझं काय म्हणणं आहे याच्यावर?" बाकी कुणालाही हा प्रश्न विचारला गेला नाही. त्याने जे वाटत होते ते सांगितले. लोकांनी ऐकून माना डोलावल्या, जणू प्रमाणपत्र तपासून परत दिले. शोक त्यालाही झाला होता; पण त्याचा शोक म्हणजे परीक्षेचा पेपर होता. रात्री त्याने तेच चार ओळींत लिहून मुस्लिम इंजिनीअरांच्या ग्रुपवर टाकले. तिथे उत्तर आले, "साहब को खुश कर रहा क्या?" त्या दिवसापासून तो दोन्हीकडे बोलत नाही. "बोलके क्या फायदा, चाचा?"

या धंद्यात राजकारण कधी नव्हतेच, असे कुणी सांगू लागला तर त्याला आमच्या तालुक्यात आणून राळेगणसिद्धी दाखवावी. २०११ च्या एप्रिलमध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर. तेव्हा पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतली मुले गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या अवस्थेत 'मी अण्णा'च्या टोप्या घालून रस्त्यावर आली. त्यांना कोणत्या एच.आर.ने पत्र पाठवल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही. कारण ते आंदोलन 'राजकारणविरहित' म्हणवले जात होते. आम्ही पारनेरकर तेव्हा हरखून गेलो होतो, हे कबूल करतो. पण जंतरमंतरच्या व्यासपीठामागे भारतमातेचे चित्र होते, रामलीलावर त्या जागी गांधीजी आले; आणि दिल्लीच्या जामा मशिदीच्या इमामांनी घोषणांकडे बोट दाखवून मुसलमानांना दूर राहायला सांगितले. इमामसाहेबांचे ते आवाहन मला तेव्हाही चुकीचे वाटले, आजही वाटते. भ्रष्टाचार मुसलमानाच्या खिशातूनही पैसे काढतो. पण चित्र का बदलावे लागले, हा प्रश्नही तिथेच होता. शेवटी २८ ऑगस्टला एका दलित आणि एका मुस्लिम मुलीच्या हातून नारळपाणी घेऊन उपोषण सुटले. उपोषण सोडवायला आम्ही चाललो. ते बसवायचे ठरले तेव्हा आम्हाला कोणी विचारले होते, ते मला माहीत नाही.

पुढे २०१२ च्या नोव्हेंबरात त्यातूनच आम आदमी पक्ष निघाला आणि टोपीवाल्यांची दोन तोंडे दोन दिशांना झाली. २०१४ च्या लोकसभेला तर एकाच इन्फोसिसचे दोन दिग्गज बंगळुरूत उभे होते: नंदन निलेकणी काँग्रेसकडून, व्ही. बालकृष्णन 'आप'कडून. दोघेही पडले, पण त्यांनी राजकारण केले म्हणून कुणी नाक मुरडले नाही, आणि मुरडूही नये. मग मालकाला, संचालकाला जे शोभते ते टेबलावर डबा खाणाऱ्याला का शोभत नाही? त्याच इन्फोसिसवर २०२१ साली प्राप्तिकराचे संकेतस्थळ नीट चालेना म्हणून 'पाञ्चजन्य'ने मुखपृष्ठकथा केली आणि कंपनीचे 'तुकडे तुकडे गँग'शी नाते जोडले. संघाने त्या लेखापासून अंतर राखले हे खरे. पण संगणकातल्या चुकीचे रूपांतर देशद्रोहात किती चटकन होते, ते सगळ्या धंद्याने पाहिले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा, तर पारनेरच्या पिंजाऱ्याच्या नातवाने काय बोलावे?

आता माझे पुरोगामी मित्र. त्यांना अमेरिकेचे दाखले आवडतात, म्हणून तिकडचाच एक देतो. २०१७ साली गुगलमध्ये जेम्स डॅमोर नावाच्या इंजिनीअरने टिपण लिहिले, की या धंद्यात बायका कमी असण्याचे कारण काही अंशी निसर्गात असू शकेल. त्याला काढले. मला त्याचे म्हणणे अजिबात पटत नाही. आपल्या मुलींनी शिकू नये म्हणणारे मौलवीही निसर्गाचाच हवाला देत आले. पण त्याला काढले तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी टाळ्या वाजवल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच गुगलने इस्रायल सरकारशी असलेल्या 'निम्बस' कराराविरुद्ध कार्यालयात ठिय्या देणाऱ्या २८ जणांना काढले, पुढे आणखी काहींना. ठिय्या आणि टिपण एक नव्हे, हे मला कळते. पण दोन्ही वेळा गुगलचे प्रमुख आपले सुंदर पिचाईच, आणि दोन्ही वेळा शेवटचा शब्द नोकरी देणाऱ्याचाच. पहिल्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांना दुसऱ्या वेळी कोणत्या तोंडाने ओरडता येईल? आणि मधल्या २०२२ सालची गोष्ट: जातिभेदावर बोलायला बोलावलेल्या दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचे तिथलेच व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या आक्षेपानंतर रद्द झाले. आपला गावगाडा आपण सॅकमध्ये घालून कॅलिफोर्नियापर्यंत नेला आहे.

आणि आमचे घर तरी कुठे स्वच्छ आहे? १९६६ साली हमीद दलवाईंनी सात महिलांना घेऊन मुंबईत तोंडी तलाकविरोधी मोर्चा काढला तेव्हा समाजाने त्यांना काय काय म्हटले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन तलाक रद्द केला, तेव्हा पुतण्याच्या ग्रुपवर 'चांगले झाले' लिहिणाऱ्या एकाला बाहेर काढले गेले. काढणारा एम.टेक. होता. माणूस परदेशी कंपनीसाठी लाखो ओळींचा प्रोग्राम लिहितो आणि स्वतःच्या माणसाचे एक वाक्य त्याला सोसवत नाही. तिकडच्या टेबलावर गप्प बसणारा इथे येऊन इतरांना गप्प बसवतो. दुसऱ्याच्या दडपणाविरुद्ध तक्रार करायचा आपला अधिकार आपण असा स्वतःच्या हाताने कमी करतो.

वडीलधारी माणसे म्हणतात, गप्प राहा, नोकरी करा, सुखरूप राहा. पुतण्याच्या आईचेही हेच म्हणणे आहे, आणि आईला मी काय सांगणार? पण सोलापूरचा मोहसीन शेख गप्पच होता. पुण्यात एका खाजगी कंपनीत संगणकाचे काम करणारा तरुण. २०१४ च्या २ जूनला, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटलेले असताना, नमाजहून घरी परतताना हडपसरला जमावाने त्याला मारले. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०१७ साली उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन देताना मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, अशा आशयाचे लिहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयातून सर्व २१ आरोपी सुटले. गप्प राहण्याने माणूस सुखरूप राहतो, हे मोहसीनच्या घरी जाऊन कुणी सांगावे?

घटनेच्या १५ आणि १६ या कलमांतली समान वागणुकीची हमी सरकारवर बंधनकारक आहे. खाजगी कंपनी त्यातून सुटते. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोग सुचवला, मेनन गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडाही दिला. तो आयोग आजवर झालेला नाही. तेव्हा निदान कंपन्यांनी एवढे करावे: जो नियम असेल तो लिहून काढावा. सण साजरे करायचे असतील तर सर्वांचे, मदतीची आवाहने चालणार असतील तर सर्वांची, आणि कंपनीच्या पैशाने, कंपनीच्या मजल्यावर घोषणा दिल्या जाणार असतील तर ते कंपनीचे मत आहे हे कबूल करावे. डब्याच्या टेबलावर मात्र माणसांना भांडू द्यावे. माझ्या पुतण्यालाही, आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्यालाही. कुणाचीही नोकरी मतासाठी जाऊ नये, डॅमोरचीसुद्धा.

सेनापती बापट १८८० साली आमच्या पारनेरात जन्मले. १९२१ मध्ये ते मुळशीत शेतकऱ्यांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. 'सेनापती' ही पदवी त्यांना तिथेच मिळाली. तुरुंग भोगला, धरण व्हायचे ते झालेच. आमची मुले रोज सकाळी ज्या हिंजवडीत कार्ड दाखवून आत जातात, ती त्याच मुळशी तालुक्यात आहे. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो हसला. त्याला ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याने आणि त्या वर्गणीवाल्या मुलीने मिळून एच.आर.ला तीन ओळींचे पत्र लिहिले. कोणते कार्यक्रम आणि कोणती आवाहने चालतात, त्याची लेखी यादी मिळावी, एवढेच. भाषा मी तपासून दिली. एक 'कृपया' जास्तीचा घातला. उत्तर आलेले नाही. मुलीला दुसऱ्या प्रकल्पावर हलवले आहे, आणि ते नेहमीचेच आहे असे सांगण्यात आले.