आवाज म्हणजे शक्ती नव्हे

लखनौहून बख्शी का तालाब येथे रोज मोटारसायकलने जाणाऱ्या चिरंजीवांनी कर्कश सायलेन्सरचा हट्ट धरला, तर आपण काय सांगाल? सायलेन्सरमधील कप्पे व सच्छिद्र नळ्या ध्वनिलहरींचा जोर मोडतात. ते काढल्यास आवाज वाढतो, शक्ती क्वचितच. इंधन व हवा यांचे प्रमाणही बिघडू शकते. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली. कायद्याने १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायलेन्सर बदलणे भागच असेल, तर उत्पादकाने त्या गाडीसाठी नेमलेलाच घ्यावा. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी, साखळीस तेल द्यावे, चाकांत योग्य हवा भरावी. गाडी हलकी धावेल आणि रस्त्यालगतच्या घरातील तान्हे बाळही स्वस्थ झोपेल.