लोहयुगातली कामाची गोष्ट

"पूर्वीचा काळ सोन्याचा होता, आता काही राहिलं नाही." हे आपण घरी ऐकतो, वर्गात ऐकतो आणि आपल्या मंडळाच्या बैठकीतही ऐकतो. त्याला जुना आधार हवा असला की ग्रीक कवी हेसिअड आठवतो. माझ्या मते तो आधार चुकीचा आहे.

इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा हा कवी. बिओशियातल्या आस्क्रा गावात राहणारा, शेतीत मुरलेला. 'वर्क्स अँड डेज' या काव्यात तो मानवाचे पाच वंश सांगतो. क्रोनसच्या राज्यात कष्टाविना जगलेली सोन्याची माणसं. शंभर वर्षं आईजवळ बाळासारखी वाढलेली चांदीची. आपसात लढून संपलेली कांस्याची. मग थीब्ज आणि ट्रॉयला लढलेले वीर. शेवटी लोखंडाची, म्हणजे तो स्वतः ज्यांत जगला ती.

आता बघा, ही उतरण सरळ नाहीच. वीरांचा वंश आधीच्या कांस्यवंशापेक्षा चांगला आणि न्यायी, असं हेसिअडच म्हणतो. पुढे रोमन कवी ओव्हिडने वीर गाळले आणि चारच युगं ठेवली. म्हणून ती आपल्याला कृत, त्रेता, द्वापर, कलीसारखी एका ओळीत घसरणारी वाटतात. बायबलमध्ये दानीएलच्या पुस्तकातल्या पुतळ्यातही सोनं, चांदी, पितळ, लोखंड आहे. पण तिथे ते धातू म्हणजे एकामागून एक येणारी राज्यं.

दुसरी गोष्ट. हेसिअड म्हणतो, या पाचव्या वंशात मी नसतो तर बरं. आधी मेलो असतो किंवा नंतर जन्मलो असतो. पुढे सगळं वाईटच, अशी खात्री असलेला माणूस 'नंतर' कशाला म्हणेल?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे काव्य तो आपल्या भावाला, पर्सिसला, उद्देशून सांगतो. पर्सिसने वडिलोपार्जित वाटणीत जास्त हिस्सा लाटलाय आणि लाचखाऊ न्याय करणाऱ्यांना खूश केलंय. म्हणजे तक्रार नुसती काळाबद्दल नाही. कोणी काय केलं ते तो तोंडावर सांगतो. आणि मग? आठशेच्या वर ओळींत सुवर्णवंशाला जेमतेम वीसेक ओळी. बाकी बराचसा भाग न्यायाचा आणि कामाचा: कृत्तिका उगवल्या की कापणी, मावळल्या की नांगरणी.

"काळच वाईट" म्हटलं की कोणावरच जबाबदारी येत नाही, ना लाच घेणाऱ्यावर, ना आपल्यावर. मराठी वाचणारे कमी झालेत हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याला लोहयुग म्हणून सोडून द्यायचं, की का कमी झाले ते शोधायचं? हेसिअडने लोहयुगातच बसून शेतीचं वेळापत्रक लिहिलं. आपणही निदान पुढच्या अंकात कोण काय लिहिणार, ते येत्या बैठकीत ठरवूया.